आडात आणि पोहऱ्यात

मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात अंबाजोगाईस जाऊन योगेश्वरीचे दर्शन घ्यावयाचे, हा आमच्या घराचा जुना नेम आहे. कोकणातून निघालेल्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी समुद्रापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या पठारावर वास करून आहे. आणि तिच्या पायाशी जावयाचे म्हणजे बीड जिल्ह्याची वाट तुडविणे आलेच. आमची वडील बहीण त्याच गावी दिलेली असल्यामुळे देवीचे दर्शन आणि माहेरपणाचे उलटे पारणे अशी दोन्ही कामे एका खेपेत होतात.

यंदा मात्र ओटीच्या सामानाबरोबर आमच्या पिशवीत आणखी दोन वस्तू होत्या. एक होती पानाच्या डब्याएवढी जड अशी धातूची पेटी. ती आमच्या पुण्यातील एका स्नेह्यांची. तिची किंमत ८५,००० रुपये. हिला ‘डॅक’ म्हणतात, आणि फोनात किंवा संगणकात साठविलेले गाणे हेडफोनांतून ऐकावयाचे असल्यास ही मध्ये जोडावी, म्हणजे गायक समोर येऊन बसतो, अशी तिची ख्याती. सेवानिवृत्तीनंतर आम्हांस जुनी गाणी ऐकण्याचा नाद लागला आहे. तेव्हा अशीच एक पेटी आपणही घ्यावी, असे मनात भरून आम्ही तेवढी रक्कम बाजूस काढून ठेविली होती. स्नेह्यांनी मोठ्या मनाने “महिनाभर ऐकून पाहा, मग घ्या” म्हणून आपली पेटी आमच्या हवाली केली.

दुसरी वस्तू म्हणजे एक कॅसेट. १९८४ सालच्या मार्गशीर्षातील नवरात्रात आमच्या वडिलांनी अंबाजोगाईस कीर्तन केले, त्याचे हे मुद्रण. वडील पेशाने शाळामास्तर. कीर्तन ही त्यांची सेवा, व्यवसाय नव्हे. त्यांच्या आवाजाची एवढीच खूण जगात शिल्लक आहे. ही कॅसेट नव्या पेटीतून ऐकावी, म्हणजे बाबा पुन्हा भेटतील, असा आमचा भाबडा बेत होता. तो कसा पार पडला, तेच वाचकांस सांगावयाचे आहे.

पुण्याहून एस.टी.ने अहिल्यानगर गाठून पुढे आम्ही आगगाडीने बीडास गेलो. बीडास आगगाडी, हे शब्द लिहितानाही हातास नवल वाटते. कारण ह्या गाडीची वाट पाहण्यात तेथील दोनतीन पिढ्यांचे आयुष्य गेले. आष्टीपर्यंतचा मार्ग २०२२ साली सुरू झाला होता. बीडपर्यंत गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. १९४८ साली त्याच तारखेस निजामाची राजवट संपून मराठवाडा मोकळा झाला होता. गाडी सावकाश चालते. पण घाई कोणास होती? खिडकीबाहेर ज्वारी हिरवीगार उभी, तुरीस शेंगा धरलेल्या, आणि मधूनमधून काळ्या खडकाचे उघडे माळ. डब्यातील एका वृद्ध गृहस्थांनी दूरच्या वस्तीकडे बोट दाखवून सांगितले, “त्या घरांस आता कुलुपे. दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीस जातात. मागे राहतात म्हातारी आणि पोरे.” ते ऐकल्यावर मांडीवरच्या पिशवीतील ८५,००० रुपयांची पेटी आम्हांस होती त्याहून जड वाटू लागली.

बीडच्या स्थानकावर आमचा भाचा मोटार घेऊन आला होता. हा तंत्रशाळेत विजेची उपकरणे शिकवितो, आणि फावल्या वेळी लोकांचे जुने रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त करून देतो. पेटी पाहून तो हसला नाही, नाकही मुरडले नाही, एवढेच म्हणाला, “मामा, वाटेत खजाना बावडी दाखवतो. मग ह्याविषयी बोलू.”

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याच्या वाटेवर ही विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडचा जहागीरदार सलाबतखान ह्याने ती बांधविली. राजा भास्कर नावाच्या कुशल स्थपतीने तिची योजना केली, असे सांगतात. वरून पाहिले तर फार मोठी नाही. घडीव दगडाचा गोल घेर, आणि आत उतरावयास पायऱ्या. तिची खरी करामत जमिनीखाली आहे. भूमिगत पाटांनी पाणी विहिरीत येते आणि तसेच भूमिगत पाटाने निघून खालच्या शेतांस मिळते. मोट नाही, पंप नाही. सारे काम उताराचे. भर दुष्काळातही हिचे पाणी टिकते, म्हणून पंचक्रोशीत हिचा लौकिक.

भाचा कठड्याशी उभा राहून म्हणाला, “मामा, खालच्या शेतकऱ्याने पाटाच्या तोंडाशी चांदीचा नळ बसविला, तर पाणी वाढेल काय?”

आम्ही म्हटले, “आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?”

“मग तुमची पेटी पोहरा आहे. आड कोणता, तो आधी पाहू.”

मांजरसुंबा, नेकनूर, केज अशी गावे मागे पडत होती, आणि भाचा आम्हांस ह्या पोहऱ्याचे शास्त्र समजावून देत होता. त्यातले आम्हांस कळले तेवढे येथे देतो.

फोनात साठविलेले गाणे हे गाणे नव्हे. ती आकड्यांची वही होय. मुद्रण करताना स्वरलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळा मोजून लिहून ठेवितात, आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर बसवितात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीपासून हेच माप रूढ आहे. ही वही वाचून त्या आकड्यांपासून पुन्हा विजेची लहर बनवावयाची, एवढेच डॅकचे काम. त्याच्यावाचून कोणताही फोन बोलूच शकत नाही. तेव्हा डॅक असावा की नसावा हा प्रश्नच नव्हे. प्रत्येक फोनात, संगणकात, किंवा फोनास जोडावयाच्या बोटभर दोरीत तो असतोच. प्रश्न आहे तो एवढाच की महागडा डॅक हे काम कानास कळेल इतके अधिक चांगले करतो काय.

आमची समजूत अशी की, आकडे म्हणजे रांगोळीचे ठिपके. दोन ठिपक्यांमधली जागा रिकामी. स्वस्त यंत्र तेथे वेड्यावाकड्या रेघा ओढते आणि महाग यंत्र सुरेख वळण घेते. भाच्याने ही समजूत पार मोडून काढली. नायक्विस्टने १९२८ साली पाया घातलेला आणि शॅननने १९४९ साली सिद्ध करून छापलेला सिद्धांत असा की, ठिपक्यांच्या संख्येच्या निम्म्याहून जलद अशी कंपने लहरीत नसतील, तर त्या ठिपक्यांतून जाणारी वळणरेषा एक आणि एकच असते. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. आणि माणसाचा कान ऐन तारुण्यातही सेकंदास २०,००० कंपनांच्या पलीकडे सहसा जात नाही. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांची मर्यादा तर त्याच्याही पुष्कळ अलीकडे येऊन थांबते. म्हणजे रिकाम्या जागेत कल्पनेने भरावयाचे असे काही उरतच नाही.

राहता राहिली खरखर. ६५,५३६ पायऱ्यांच्या मापाने सर्वांत मोठा आवाज आणि मूळची खरखर ह्यांत सुमारे ९६ डेसिबेलांचे अंतर पडते. रात्रीच्या शांत खोलीतही तीसएक डेसिबेलांची कुजबूज असते. ती ओलांडून ही खरखर कानी पडावी असे वाटत असेल, तर गाणे सव्वाशे डेसिबेलांवर न्यावे लागेल. आणि तेथे कान दुखावयास लागतो, गाणे कसले ऐकू येणार! आरंभीच्या काळी ही यंत्रे बनविणे कठीण आणि खर्चाचे होते, त्यांत भेदही असत. पण चाळीस वर्षांत ही विद्या इतकी पक्की आणि स्वस्त झाली की, हजारभर रुपयांच्या दोरीतला डॅकदेखील मोजमापात कानाच्या मर्यादेपलीकडे निर्दोष निघतो.

“शिवाय,” भाचा म्हणाला, “बिनतारी हेडफोन असले, तर डॅक त्यांच्या पोटातच असतो. त्यांच्यासाठी बाहेरची पेटी घेणे म्हणजे घरी नळ असता पाणक्या ठेवणे.”

असे बोलत आम्ही दिवेलागणीस अंबाजोगाईस पोहोंचलो. पूर्वी हैदराबाद संस्थानाच्या अमदानीत ह्या गावास मोमिनाबाद म्हणत आणि येथे घोडदळाची छावणी असे. त्याहून पूर्वीचा ह्या गावाचा मान मराठी भाषेशी जडला आहे. ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेरच्या दरीत आहे. आणि १५५१ ते १६१५ ह्या काळात होऊन गेलेल्या दासोपंतांची समाधीही येथेच. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले ते कागदावर नव्हे, तर सुमारे चाळीस फूट लांब अशा कापडावर. ती ‘पासोडी’ अजून जपून ठेविलेली आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे हस्ताक्षर आपण डोळ्यांनी वाचू शकतो! पण त्याच दासोपंतांनी गावयासाठी पदे रचिली, ती त्यांनी स्वतः कशी म्हटली, कोठे थांबले, कोठे आवाज चढविला, हे कळण्यास जगात कोणताही मार्ग नाही. अक्षर कापडावर टिकले. आवाज त्यांच्याबरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाले. जयंती नदीकाठचे ते दगडी मंदिर, दीपमाळा, नवरात्रातील बायकांची गर्दी आणि हळदकुंकवाचा वास, हे सारे ज्यांनी पाहिले आहे त्यांस वर्णनाची गरज नाही. दुपारी जेवणे झाल्यावर अक्काच्या घरी परीक्षेची तयारी झाली.

आम्ही प्रथम सरळच ऐकून पाहिले. एकदा दोरीतून, एकदा पेटीतून. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांच्या १९३० नंतरच्या दशकातील तबकड्यांवरून केलेली मुद्रणे, आणि अलीकडच्या काळातील एक सतारीचे मुद्रण. काय सांगावे! पेटीतून गाणे भरदार, जवळचे, जिवंत. आम्ही विजयी मुद्रेने भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “मामा, पेटीचा आवाज मोठा आहे. दोरी बहुत करून एक व्होल्ट देते, अशा पेट्या दोन व्होल्ट. सहा डेसिबेलांचा फरक. जे किंचित मोठे, ते कानास अधिक चांगले वाटते; हा कानाचा स्वभावच आहे. आधी दोघांस एका मापात आणू.”

त्याने शंभर कंपनांचा एकच स्थिर सूर दोन्हींतून वाजविला, मीटर लावून दाब मोजला आणि आवाज तंतोतंत सारखा केला. मग हेडफोनांची तार दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत नेली. तेथे सूनबाई बसली. तिने रुपया उडवावा, छाप पडला तर पेटी, काटा पडला तर दोरी जोडावी, आणि वहीत टिपून ठेवावे. भाचा स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसला, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस काही कळू नये. असे वीस वेळा व्हावयाचे. पंधरा किंवा अधिक बरोबर आले, तर कान ओळखतो असे धरावयाचे. कारण केवळ अंदाजाने तेवढे जमणे शंभरात दोनदाच घडेल.

पहिल्या चारपाच खेपा आम्ही छातीठोकपणे उत्तरे दिली. पुढे पुढे घाम फुटू लागला. डोळे मिटले, श्वास रोखला, तंबोऱ्याच्या सुराचा शेवट कोठे विरतो तिकडे लक्ष लाविले. शेवटी वही उघडली: वीसपैकी अकरा. रुपयाने स्वतः उत्तरे दिली असती तरी इतकीच बरोबर आली असती.

हा काही आमच्या म्हाताऱ्या कानांचाच पराभव नव्हे. २००७ साली मेयर आणि मोरान ह्या दोघांनी अमेरिकेत अशीच परीक्षा मोठ्या प्रमाणावर केली होती. अतिसूक्ष्म प्रतीच्या मुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचे परिवर्तन गुपचूप घालावयाचे आणि ऐकणाऱ्याने ओळखावयाचे. ५५४ खेपांत २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे शेकडा ४९.८. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २०१६ साली राइस ह्यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात शेकडा ५२.३ उत्तरे बरोबर निघाली. म्हणजे काही फरक असलाच, तर तो इतका निसटता आहे.

तेव्हा पैसे खर्चावयाचेच, तर ते कोठे सत्कारणी लागतात, हेही आम्ही भाच्यास विचारून घेतले. पहिले म्हणजे खुद्द हेडफोन. एका हेडफोनाचा आवाज दुसऱ्याहून भिन्न असतो, हे कोणासही परीक्षेवाचून कळते. दुसरे, काही हेडफोन फार शक्ती मागतात. भाच्याकडे ३०० ओहमांचे एक जोड होते; त्यावर हळू ध्वनीचे मुद्रण लाविले, तेव्हा दोरी पुरी पडेना. पण तेथे उणीव डॅकची नव्हती, शक्तीची होती. तिच्यासाठी साधा ॲम्प्लिफायर पुरतो. तिसरे, जुन्या संगणकाच्या मागच्या भोकातून गुणगुण येत असेल, तर बाहेरचा स्वस्त डॅक जोडून ती जाते. आणि चौथे, कान स्वतः. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, ८० डेसिबेलांवर आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. गेलेला कान कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आता कॅसेट.

पिशवीतून ती काढताना आमचा हात किंचित थांबला, हे भाच्याच्या ध्यानात आले नसावे. अक्काच्या मात्र आले. भाच्याने कॅसेट उघडून पाहिली. फितीस यंत्रावर दाबून धरणारा आतला बारीक तुकडा डिंक सुकून गळून पडला होता. त्याने फीत अलगद काढून दुसऱ्या कवचात घातली. मग ती जुन्या टेपवर लाविली. बाबांचा आवाज आला. पण गोधडीखालून यावा तसा. आम्ही उतावीळपणे म्हटले, “पेटी जोडून पाहा रे!” त्याने जोडून दाखविली. गोधडी तशीच.

मग त्याने एक बारीक पेचकस घेतला. टेपचा जो भाग फीत वाचतो, तो मूळ मुद्रण करणाऱ्या यंत्राच्या भागाशी तंतोतंत समांतर नसला, तर बारीक स्वर पुसट होतात; व्यंजने बोथट होतात. दोन टेपांचा हा कोन क्वचितच जुळतो. भाचा कान देऊन स्क्रू केसभर फिरवीत होता. अर्धा आटा झाला असेल नसेल, तोच “स” हा वर्ण “स” म्हणून ऐकू आला. चिपळ्या वाजल्या. झांजेची किणकिण, मागे कोणाचे तरी खोकणे, आणि बाबांचा तो किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली उतरणारा आवाज! अक्काने पदर डोळ्यांस लाविला. पंचाऐंशी हजारांनी जे केले नाही, ते पेचकसाच्या अर्ध्या आट्याने केले. कारण तो आडाजवळ फिरविला होता.

पूर्वरंग संपला. उत्तररंगास सुदाम्याचे आख्यान लागले. सुदामा निघाला, पोह्यांची पुरचुंडी काखेत मारून द्वारकेस आला. सोन्याच्या नगरीत फाटक्या वस्त्राने महाद्वारापाशी उभा राहिला. द्वारपालाने विचारले, आपण कोण? आणि फितीची पहिली बाजू संपली.

भाच्याने कॅसेट उलटी केली. आम्ही “राहू दे” म्हणावयास तोंड उघडले; पण यंत्र सुरू झाले होते. दुसऱ्या बाजूवर क्रिकेटच्या सामन्याचे धावते वर्णन होते.

वाचकहो, ही गोष्ट आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती. १९८७ साली घरात कोरी कॅसेट सापडेना, सामना तर रंगात आलेला. आम्ही हाताला आली ती कॅसेट रेडिओवर लाविली. दुसऱ्या दिवशी कळले की ती कोणती होती. पुढे बाबांनी एकदा ती मागितली, तेव्हा “सापडत नाही” असे आम्ही सांगितले. १९९३ साली ते गेले. चाळीस वर्षे सुदामा महाद्वारी उभा आहे, आणि त्याचा आवाज ज्याने पुसला तोच त्याला ऐकण्यासाठी महागडी पेटी घेऊन गावोगाव हिंडतो आहे! आड आम्हीच बुजविला होता.

खोलीत कोणी बोलेना. मग अक्का म्हणाली, “बाबांना ठाऊक होते रे. तू दौऱ्यावर असताना त्यांनी ती कॅसेट लावली होती. क्रिकेट ऐकून हसले. म्हणाले, ‘सुदामा दारातच राहिला की!’ तुला बोलू नकोस म्हणाले.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. अंबाजोगाईची एक कथा लहानपणापासून ऐकत आलो आहो. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला, वऱ्हाड निघाले, पण वाटेत मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले. गावाजवळच्या हत्तीखान्याच्या लेण्यांतील ते दगडी हत्ती त्या वऱ्हाडातलेच, असे लोक सांगतात. लहानपणी ती कथा गमतीची वाटे. आता वाटले, मुहूर्त टळतात ते असेच. कोणी वाईट नसते, कोणी मुद्दाम करीत नाही.

आणि ह्याच जिल्ह्यात मुहूर्त साधणारी माणसेही होऊन गेली, हे भाच्याने आम्हांस दाखविले. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन ह्यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; पुढे बर्नार बेल ह्यांच्या साह्याने त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गाइलेल्या ओव्या त्यांतच आहेत. आज त्या कोणासही फोनावर फुकट ऐकता येतात. आम्ही त्या पहाटे हजार रुपयांच्या दोरीने ऐकल्या. त्या बायांचा आवाज, दोन चरणांमधला श्वास, बाबासाहेबांच्या नावापाशी येणारे बळ, सारे स्वच्छ कानी पडले. जाती थांबून गेली, पिठाच्या गिरण्या आल्या. पण कोणी वेळेवर यंत्र घेऊन त्यांच्या अंगणात बसले होते, म्हणून आड भरलेला राहिला.

उजाडता उजाडता आम्ही अक्कास विचारले, “तुला बाबांचा सुदामा येतो काय?”

ती म्हणाली, “न यायला काय झाले? मागे झांज धरून मीच उभी असायची.”

अक्काचे वय आता शहात्तर. भाच्याने आपल्याजवळचे लहान मुद्रणयंत्र आणले, देवघरासमोर मायक्रोफोन तिच्या तोंडापासून वीतभर दूर ठेविला, पंखा बंद केला, दार लोटून घेतले. अक्काने पदर सावरून मधूनच आरंभ केला. जेथे फीत संपली होती, नेमकी तेथून. द्वारपालाने विचारले, आपण कोण? सुदामा म्हणाला, सांगा, तुमचा गुरुबंधू आला आहे. आणि देव अनवाणी धावत आले. बाबा ज्या शब्दावर आवाज खाली उतरवीत, त्याच शब्दावर तिचा उतरला. पुरचुंडी सुटली, पोहे खाल्ले गेले, सुदामा आपल्या गावी परतला. पंचवीस मिनिटे लागली.

पुण्यास आल्यावर पेटी आम्ही स्नेह्यांस साभार परत केली. बाजूस काढलेल्या रकमेतून एक मुद्रणयंत्र, एक बरा मायक्रोफोन आणि भाच्याच्या सांगण्यावरून एक दुरुस्त केलेला कॅसेट डेक घेतला. पंचवीस हजार रुपयांच्या आत काम झाले. कॅसेटची पहिली बाजू आणि अक्काचे आख्यान एकापुढे एक जोडून त्यांच्या प्रती घरोघरी दिल्या आहेत. उरलेल्या पैशांचे काय करावयाचे ते ठरले नाही. आमच्या नात्यात ऐंशी उलटलेली आणखी चार माणसे आहेत, त्यांपैकी दोघे कोकणात. तेव्हा प्रवासखर्च पुष्कळ आहे.

रोज रात्री आम्ही दोरी जोडून, आवाज हळू ठेवून, ते आख्यान ऐकतो. बाबांचा प्रश्न येतो, अक्काचे उत्तर येते. जोड कळतो, तो लपविण्याचा यत्न भाच्याने केलेला नाही. अगदी शेवटी, अक्काने हात जोडल्यावर क्षणभर शांतता आहे, आणि मग तिचा नेहमीचा आवाज:

“झाले का रे? बंद कर ते. दूध उतू जाईल.”